पाठ कवित्वाची शाळा

आठवीत असताना मी एक कविता लिहून वर्गशिक्षकांना दाखवली होती. पाठकोऱ्या कागदावर चार कडवी, मनाच्या श्लोकांच्या चालीवर. त्यांनी ती वाचली आणि खाली लाल शाईने शेरा दिला : वृत्त चुकले आहे, कवित्व उपजत असावे लागते. कुठे चुकले, कोणते अक्षर जड झाले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे पंधरा-वीस वर्षे मी एक ओळ लिहिली नाही. शेतीतून वेळ मिळेल तसा जुन्या पोथ्या आणि ग्रंथालयातली कपाटे धुंडाळू लागलो. ती सारी धडपड त्या शेऱ्यामागच्या प्रश्नासाठीच होती, असे आता वाटते. मराठीत कविता लिहायला कोणी शिकवत होते का? आणि शिकवत असतील, तर कसे?

उत्तराचे पहिले टोक घराजवळच सापडले. आमची तीर्थपुरी आणि समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ही दोन्ही गावे घनसावंगी तालुक्यातच आहेत. १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकातला तिसरा समास कवित्वकलेला दिला आहे. तिथे ते कवित्वाचे तीन प्रकार सांगतात. मनात आले ते बळेच जुळवून टाकले, ते धीट. बरेच ग्रंथ पाहून त्यांच्यासारखेच आपणही रचले, ते पाठ. भक्तीतून, अनुभवातून सहज उमटले, ते प्रासादिक. समर्थांचा कौल अर्थातच प्रासादिकाला आहे. ‘कविता शिकवून येत नाही’ असे म्हणणाऱ्याला याच समासाचा आधार घेता येईल.

पण समास बाजूला ठेवून समर्थांची रचना पाहावी. दीर्घ निरूपणासाठी त्यांनी ओवी घेतली, कारण ओवी गद्याच्या जवळून चालते आणि कितीही लांबवता येते. २०५ मनाच्या श्लोकांसाठी भुजंगप्रयात घेतले : बारा अक्षरे, एक लघु आणि दोन गुरू असा ठेका चार वेळा. दारोदार भिक्षा मागताना म्हणायचे श्लोक पावलांच्या तालावरच हवेत. करुणाष्टकांतल्या आर्त विनवणीसाठी त्यांनी पंधरा अक्षरांची मालिनी वापरली. हिची सुरुवातच सहा लघूंनी होते, जणू गळा दाटून शब्द घाईने यावेत. याखेरीज अभंग, पदे, सवाया, आरत्या आहेतच. ज्याच्या हाताशी इतके साचे तयार आहेत, त्याने पाठ केलेच नसेल असे कसे म्हणावे? समर्थांनी पाठाला कमी लेखले ते मुक्काम म्हणून. वाट म्हणून ते स्वतः तिच्यावरूनच गेले असले पाहिजेत, असा माझा तर्क आहे.

पंडित कवींनी तर ही वाट उघडच धरली. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) नाना वृत्तांत आणि नाना बंधनांत रामायणे रचली. परंपरा त्यांची संख्या १०८ सांगते. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओठ मिटवून उच्चारायचे प, फ, ब, भ, म वर्ज्य. ‘राम’ शब्दातच म आहे, तेव्हा कथानायकाचे नावही घ्यायचे नाही! याला कसरत म्हणून हसणारे हसोत. मला त्यात तालमीतला जोर दिसतो. हात बांधले की भाषा दुसरी वाट शोधते आणि एरवी न सुचलेला शब्द पुढे येतो.

एकोणिसाव्या शतकात ही तालीम छापील पुस्तकात आली. परशुराम तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हे जुन्या कवितेचे वेचे तयार केले, आणि ‘वृत्तदर्पण’ हे छंदांचे पुस्तक लिहिले. वृत्तदर्पणाची खुबी अशी की वृत्ताचे लक्षण त्याच वृत्तातल्या ओळीत सांगितले आहे. मुलाने लक्षण पाठ केले की चालही पाठ झाली. नियम आणि नमुना एकाच घासात. पिढ्यान्‌पिढ्या शाळेत हेच घोकले गेले.

पुढे साचे वाढत गेले. पेशाने शिक्षक असलेल्या केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चौदा ओळींची रचना मराठीत आणली. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी तिला ‘सुनीत’ या नावाने रुजवले. त्यांच्यातले माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक. त्यांनी ‘छंदोरचना’ लिहून मराठी पद्यरचनेचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडला आणि ‘गज्जलांजलि’मधून (१९३३) गझलेचा साचा मराठीत चालवून दाखवला.

गझलेचा विषय निघाला की मराठवाड्याच्या माणसाला थोडे थांबावेच लागते. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, सिराज औरंगाबादी इथून हाकेच्या अंतरावर गझल लिहीत होते. उर्दूत शिकवण्याची एक रीत आहे. शागिर्दाने गझल आणायची, उस्तादाने तिच्यात दुरुस्ती करायची. हीच ‘इस्लाह’. तरही मुशायऱ्यात एकच ओळ सर्वांना दिली जाते आणि प्रत्येकाने त्याच वृत्तात, त्याच यमकात आपली गझल आणायची. या साच्याला ते ‘जमीन’ म्हणतात. जमीन एकच, पेरणी ज्याची त्याची. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत ही उस्तादी अमरावतीच्या सुरेश भटांनी (१९३२–२००३) केली. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) यांचे कवी म्हणून सगळे त्यांना ओळखतात. मला त्यांची ‘गझलेची बाराखडी’ तितकीच मोलाची वाटते. काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे अंत्ययमक, अलामत म्हणजे यमकाआधीचा न बदलणारा स्वर. चूक कुठे होऊ शकते, ते इतक्या सरळ मराठीत मी प्रथमच वाचत होतो. एका मित्राने दिलेली तिची झेरॉक्स प्रत अजून माझ्याकडे आहे. आठवीत मला हवे होते ते हेच.

शाळेत मात्र उलटे घडत गेले. ‘यमाताराजभानसलगं’ सूत्र राहिले, लघु-गुरूच्या खुणा राहिल्या, पण प्रश्न राहिला फक्त ‘वृत्त ओळखा’ एवढाच. ओळीवर खुणा करा, तीन-तीन अक्षरांचे गण पाडा, नाव लिहा, गुण घ्या. ‘या वृत्तात एक ओळ लिहा’ असे कोणी म्हणत नाही. पोहण्याचे प्रकार ओळखायचे, पाण्यात उतरायचे नाही.

म्हणून काही वर्षांपासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की तीर्थपुरीत मी दहा-बारा मुलांना तासभर बसवतो. पहिल्या महिन्यात गणांचे नावही काढत नाही. मनाचे श्लोक म्हणायचे, टाळीवर. चाल कानात मुरली की त्याच चालीवर आपल्या घरातली एक ओळ. मग ओवी : घरी आजी असेल तर तिच्याकडून जात्यावरची ऐकून यायची, मग आपली जोडायची. मग ओठ न मिटता चार ओळी, मोरोपंतांच्या नावाने. यात हशा फार होतो. गझलेचे दोन शेर अगदी शेवटी.

गेल्या उन्हाळ्यात सातवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते : ‘उसाला पाणी मिळते, आम्हाला नाही.’ मी म्हटले, बाळा, गोष्ट खरी आहे, आता टाळीवर म्हणून बघ. ती कोपऱ्यात जाऊन पुटपुटत बसली. अर्ध्या तासाने ओळ आली :

उसाला मिळे पाणि आम्हा मिळेना

बाराच्या बारा अक्षरे जागेवर. ‘मिळते’चे ‘मिळे’ झाले, ‘आम्हाला’चे ‘आम्हा’ झाले, आणि ‘पाणी’तला ‘णी’ तिने आपण होऊन ऱ्हस्व केला, कारण दीर्घ ठेवला असता तर सातवे अक्षर ठेका मोडत होते. पंडित कवी वृत्तासाठी हीच सवलत घेत आले आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. कानाने सांगितले, तिने ऐकले. शिवाय ‘मिळे’ आणि ‘मिळेना’ एकाच ओळीत समोरासमोर आले. पहिल्या वाक्यात नुसती तक्रार होती. आता तीच ओळ रस्त्याने म्हणत जाता येईल अशी झाली.

परीक्षेत ‘पाणि’ लिहिलेस तर चूक धरतील, आणि बरोबरच धरतील, हे मी तिला सांगितले. इथे का चालते, तेही सांगितले. त्या शब्दाभोवती लाल गोल केला नाही.

घरी येताना माझ्याही चार कडव्यांतली पहिली ओळ आठवली. इतक्या वर्षांत ती विसरलो नव्हतो. बोटांवर अक्षरे मोजली. सातवे अक्षर लघु हवे होते, मी गुरू ठेवले होते. सांगायला एक मिनिट पुरले असते.