सभागृहातला आवाज आणि आपली वतनाची जमीन



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार ओळी लिहा, असे कमिटीच्या मंडळींनी सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. उभा जन्म मिलमध्ये गेला. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. पण मागे एका रविवारी वंदना झाल्यावर एका तरुणाने प्रश्न टाकला, "काका, आमदार-खासदार सभागृहात बोलतात, त्यानं गरिबाच्या पदरात काय पडतं? नुसती भाषणं!" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे लिहीत आहोत.

गोष्ट १९२७ सालची. त्या वर्षी बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात बसले, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. निवडून कुठून येणार? आपल्या लोकांना मताचा हक्कच कितीसा होता! अस्पृश्यांच्या बाजूने तेथे ते आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी असे दोघेच. म्हणायला मतदारसंघ नाही, पण मुंबई इलाख्यातला राबणारा प्रत्येक माणूस त्यांनी आपला मानला.

त्याच वर्षी सरकारने लहान शेतजमिनींचे बिल आणले. सरकारचे म्हणणे असे की वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती परवडत नाही, तेव्हा ठरावीक मापाच्या खाली तुकडा पाडू द्यायचा नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण १० ऑक्टोबर १९२७ रोजी बाबासाहेब उठले आणि त्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे आमच्या भाषेत सांगायचे तर असे: शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही. बैलजोडी, अवजारे, भांडवल जवळ आहे का, यावर ठरते. सक्तीने तुकडे एकत्र केले तर जमीन थोड्यांच्या हाती जाईल आणि बाकीचे मजूर होतील. त्यापेक्षा मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवा आणि मिळून सहकारी शेती करा. आपल्या बोदवडच्या कोरडवाहू कापूसवाल्याला हे वेगळे शिकवायला नको. विहिरीला पाणी नाही, घरात बी-खताला पैसा नाही, तर पाच एकर काय अन् दहा एकर काय!

आता आपल्या घरातली गोष्ट. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी स्वतःचे बिल मांडले. १८७४ सालचा वतनाचा कायदा होता, त्यात दुरुस्ती मागितली. वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना माहीत नाही. गावकामगार महाराने सरकारचे काम करायचे. पाटलाबरोबर वसुलीची रक्कम पोचवायची, साहेब आला की पुढे पळायचे, लोकांना चावडीवर बोलावून आणायचे, रात्री गस्त घालायची. वेळ ठरलेली नाही, रात्र-दिवस हुकुमाचे ताबेदार. मोबदला काय? थोडीशी इनाम जमीन आणि कुणब्याच्या खळ्यावरचे बलुते. सरकार काम करून घेणार आणि पोट मात्र गावाच्या मर्जीवर! वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला ओढून नेतात, हेही बाबासाहेबांनी कौन्सिलात सांगितले.

आमचे आजोबा हे काम करीत. भर पावसात टपाल घेऊन गेले, परत आले तर खळे उठून गेलेले, त्या वर्षी बलुते मिळाले नाही, असे आमची आजी सांगायची. म्हणून ते भाषण वाचताना आम्हाला आमच्याच घरची हकीकत वाचतो आहोत असे वाटले.

बाबासाहेबांची मागणी साधी होती. ज्याला या कामातून मोकळे व्हायचे असेल त्याला मोकळे करा. त्याची जमीन त्याच्याकडेच ठेवा, इतर रयतेप्रमाणे तिचा पूर्ण सारा घ्या. बलुत्याचे पैशांत रूपांतर करा आणि ज्यांच्याकडून काम घ्यायचे त्यांना रोख पगार द्या. म्हणजे भीक नको, हिशोब हवा! पण बिल पास झाले नाही, शेवटी परत घ्यावे लागले. तो तरुण तेव्हा असता तर म्हणाला असता, "बघा, काय झालं बोलून?"

पण बाबासाहेब थांबले नाहीत. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जणांच्या असेंब्लीत पक्षाचे १४ जण निवडून आले. त्यांत आपल्या पूर्व खानदेशातून दौलतराव गुलाजी जाधव होते आणि नाशिकहून भाऊराव गायकवाड, म्हणजेच आपले दादासाहेब. त्याच वर्षी ३१ जुलैला एका कोर्टकामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले होते. लळिंगच्या बंगल्यावर त्यांच्या आठवणीला आजही लोक जमतात. धुळ्याहून गेल्यावर दीड-दोन महिन्यांतच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी कोकणातली खोती बंद करण्याचे बिल मांडले.

खोती आपल्या खानदेशात नव्हती. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला. सरकारचा सारा भरायचा आणि कुळाकडून मनमानी वसूल करायचा. ही कुळे महार होती तशीच कुणबीही होती, हे विसरू नका. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून संप चालविला होता, जमिनी पडीक ठेवल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. बाबासाहेब एकाच जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

तेही बिल तेव्हा पास झाले नाही. पण १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झालाच. आणि वतनाचे? कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. आजोबांच्या खांद्यावरची काठी त्या दिवशी खाली उतरली. जमीन ठरावीक रक्कम भरून पुन्हा आपल्याच नावावर झाली. १९२८ ते १९५९, एकतीस वर्षे! ते पाहायला बाबासाहेब राहिले नाहीत.

एका भाषणाने कायदा झाला, असे आम्ही म्हणत नाही. सभागृहातल्या आवाजाला मैदानाची साथ लागते. दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकहून लोकसभेत गेले, पुढे १९६२ पासून राज्यसभेत होते. पण त्यांनी खुर्ची धरून ठेवली नाही. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्यात आणि आपल्या खानदेशात झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. आमचे वडीलही त्यात होते. तुरुंगातली भाकरी कच्ची होती, पण कुणी माफी मागितली नाही, असे ते सांगत. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या त्यात होत्या. तैलचित्र १९९० साली लागले. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० सालीच मिळाल्या. सव्वीस वर्षे लागली! जमिनीची मागणी मात्र अजून पुरी झालेली नाही. दादासाहेबांच्या नावाने २००४ साली योजना निघाली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, असे कागदावर आहे. आपल्यापैकी कितींनी अर्ज केले?

आणि आता जी गोष्ट लिहायला हात जड होतो ती. एकतीस वर्षे भांडून जी जमीन आपली झाली, ती आपण काय केली? कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, असे कायद्याने बांधून दिले आहे. तरी आमच्याच भाऊबंदांत काहींनी लग्नासाठी, आजारपणासाठी कच्च्या कागदावर अंगठा दिला, आणि आज त्याच शेतात रोजाने कापूस वेचतात. आम्ही त्यांना दोष देत नाही, गरज वाईट असते. पण तेव्हा आम्ही मिलच्या पाळीत होतो, वेळेवर उठून बोललो नाही, ही आमची चूक.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. बोलण्याने लगेच पदरात पडत नाही. पण जे बोललेच जात नाही ते कधीच पडत नाही. आपला आमदार पाण्यावर काय बोलला, कापसाच्या भावावर काय बोलला, गायरानावर काय बोलला, हे विचारायला शिका. निवडणुकीत पाचशेची नोट घेणाऱ्याला मात्र हे विचारता येत नाही. आणि या वर्षावासात प्रत्येक घराने एक काम करावे: तलाठ्याकडून आपल्या जमिनीचा सातबारा काढून वाचावा. ज्याला वाचता येत नसेल त्याने विहारात घेऊन यावा, आम्ही वाचून देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!