आधी ध्वज, मग पक्षी

भातकुली हे गाव एका हरलेल्या माणसाने वसवलं, अशी कथा आहे. कृष्णाने रुक्मिणीला रथातून पळवून नेलं, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर निघाला तो प्रतिज्ञा करूनच. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, असं त्याने सांगून ठेवलं होतं. झालं उलटंच. कृष्णाने त्याला धरून त्याचे केस आणि मिशा विद्रूप कापल्या नि जिवंत सोडून दिलं. तोंड दाखवायला घरी जाण्याची सोय उरली नाही, म्हणून त्याने भोजकट नावाचं नवं नगर वसवलं आणि तिथेच राहिला. भोजकट म्हणजेच अमरावतीजवळचं भातकुली, असं इतिहासाचे अभ्यासकही मानतात. आणि ज्या रथामुळे हे सगळं घडलं, त्या रथाच्या ध्वजावर गरुड होता.

मराठीत 'गरुड' या शब्दाचा माग काढायचा तर झाडावरच्या पक्ष्यापेक्षा ध्वजापासून निघावं हे बरं. गरुड नावाचा पक्षी आधी होता आणि त्याच्यावरून देवाच्या वाहनाला नाव पडलं, असं आपण गृहीत धरतो. पण शब्दाचा प्रवास तसा दिसत नाही. ऋग्वेदात सोम आणणारा श्येन आहे, सुंदर पंखांचा सुपर्ण आहे आणि त्या सुपर्णाचं 'गरुत्मान्' असं विशेषणही आहे. तार्क्ष्यही आहे, पण तो पक्षी की घोडा यावर पंडितांचं एकमत नाही. या तिघाचौघांची पुढे जी एक व्यक्ती झाली, ती विनतेचा मुलगा गरुड.

नावाची फोडही दोन तऱ्हांनी करतात. व्याकरणवाले 'गिळणे' या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवतात, कारण हा सापांना गिळणारा. महाभारताच्या आदिपर्वातली गोष्ट जास्त रंगतदार आहे. भुकेला गरुड नखांत एक हत्ती आणि एक कासव घेऊन वडाच्या फांदीवर बसतो. फांदी मोडते. तिला वालखिल्य ऋषी उलटे लटकलेले असतात. ते पडून मरू नयेत म्हणून तो फांदी चोचीत धरून हत्ती-कासवासह उडत राहतो. एवढं गुरू म्हणजे जड ओझं घेऊन उडाला म्हणून ऋषी त्याला गरुड म्हणतात. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही फोड कितपत उतरेल याची मला शंका आहे, पण हत्ती लक्षात ठेवा. तो पुढे गाविलगडावर भेटेल.

ध्वजाचा उलगडाही आदिपर्वातच आहे. विष्णू प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तर गरुड म्हणतो, मला तुझ्याही वर राहायचंय. गरुडही उलट विष्णूला वर देऊ करतो. विष्णू त्याला वाहन हो म्हणतो. आता वाहन तर खाली असणार, मग वर कसा राहील? तोड निघाली ती ध्वजाची. खाली वाहनही तोच आणि वर ध्वजावरही तोच.

राजांना हा तोडगा फारच पटला असावा. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून दगडी खांब उभारला. तो आजही उभा आहे. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या बाजूला गरुडाचा दंड दिसतो. या घराण्यातली चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे विदर्भात दिली. नवरा गेल्यावर मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने अचलपूरजवळचं चम्मक गाव हजार ब्राह्मणांना दान दिलं. त्या ताम्रपटात हे गाव 'भोजकट राज्यात' असल्याचं लिहिलेलं आहे. रुक्मीच्या गावाचं नाव पाचव्या शतकात अख्ख्या मुलखाला पडलेलं होतं, याचा हा लेखी पुरावा. गंमत अशी की चम्मकच्या मुद्रेवर नुसती अक्षरं आहेत. आजोळचा गरुड काही नातवाने उचलला नाही.

राष्ट्रकूटांनी मात्र उचलला. त्यांच्या ताम्रपटांची कडी ज्या मुद्रेत अडकवलेली असते तिच्यावर गरुड बसलेला असतो. देवगिरीचे यादव स्वतःला कृष्णाच्या वंशातले म्हणवत. त्यांच्याकडे सोन्याचा गरुडध्वज असणं ओघानेच आलं. जमीन मिळायची, सारा माफ व्हायचा, ते या पंखवाल्याच्या शिक्क्याने. वऱ्हाडातल्या माणसाने गरुड आकाशात पाहिला असेल-नसेल, तांब्यावर नक्की पाहिला.

मग गाविलगड. चिखलदऱ्याजवळच्या या किल्ल्याचं बांधकाम अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास केलं आणि १४८८ मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कने त्याची डागडुजी केली. दोन वर्षांनी हाच फतहुल्ला वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. दिल्ली दरवाजाशी थांबून वर पाहावं. पंज्याखाली इवलेसे हत्ती दाबलेले सिंह आहेत आणि त्यांच्या सोबतीला दोन डोक्यांचा पक्षी, गंडभेरुंड. हा विजयनगरकडचा. चोचींत नि नखांत हत्ती धरून उडणारा अशीच त्याची तिकडची ओळख. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो तसाच आहे. मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर तो कसा? फतहुल्ला मुळात विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरातला, लढाईत लहानपणी पकडला जाऊन वऱ्हाडात वाढलेला. धर्म बदलला, नाव बदललं, सत्ता मिळाली आणि दरवाजावर कोरायची वेळ आली तेव्हा आठवला तो गावाकडचा पक्षी. मला तरी वऱ्हाडातल्या सगळ्या पाखरांमध्ये हे पाखरू सर्वांत बोलकं वाटतं.

परत भातकुलीला येऊ. तिथलं जैन क्षेत्र आदिनाथांचं. त्यांची यक्षी चक्रेश्वरी, आणि तिचंही वाहन गरुडच. तीर्थंकर शांतिनाथांच्या यक्षाचं तर नावच गरुड. म्हणजे हा शब्द एका पंथाच्या मालकीचाही राहिलेला नाही.

राजे गेले, शिक्के गेले. शब्द लोकांकडे आला तो देवळाच्या वाटेने. पंढरपुरात गरुडखांबाला मिठी मारल्याशिवाय वारकरी पुढे सरकत नाही. वारीतल्या पताका म्हणजे गरुडटके. रुक्मिणीचं माहेर म्हणून कौंडण्यपूरहून, म्हणजे जुन्या कुंडिनपुरातून, पंढरीला पालखी जाते. १५९४ पासूनची ही परंपरा सदाराम महाराजांनी सुरू केली असं सांगतात. रुक्मी ज्या गरुडध्वजावर धावून गेला, त्याच्याच खांबाशी वऱ्हाडची माणसं दर आषाढीला जातात. घरात मात्र गरुडपुराण एरवी कुणी काढत नाही; ते मयताच्या दिवसांतलं पुस्तक.

शब्दाची तिसरी फांदी सापांची. गरुड सापांचा वैरी, म्हणून विष उतरवण्याचा मंत्र तो गारुड आणि मंत्र जाणणारा तो गारुडी. पुढे मंत्र विसरला गेला, टोपली आणि पुंगी राहिली. साप मारणाऱ्याच्या नावावरून साप पाळणाऱ्याचं नाव पडलं! एखाद्या गाण्याने 'गारूड घातलं' म्हणतो तेव्हा तर सापही उरत नाही, नुसती भूल उरते. पाचूला संस्कृतात गारुत्मत म्हणतात, तेही हे रत्न विषावर उतारा आहे या समजुतीतून.

मग पक्षी कधी आला? फार उशिरा, आणि बराचसा इंग्रजीच्या मागून. इंग्रजांचा 'ईगल' फ्रेंचांच्या 'एग्ल'वरून आणि तो लॅटिन 'अक्विला'वरून. त्यांचा स्वतःचा जुना शब्द 'अर्न' होता, तो मागे पडला. रोममध्ये इसवी सनापूर्वी १०४ मध्ये सेनापती मारियसने सैन्याच्या दंडांवरची बाकीची जनावरं काढून एकट्या अक्विलाला ठेवलं. तिकडे डोंगरातला पक्षी उचलून दंडावर बसवला. आपल्याकडे दंडावरचा गरुड उतरवून पक्ष्यावर बसवला. एकोणिसाव्या शतकात शाळेची पुस्तकं आणि कोश तयार होऊ लागले, तेव्हा 'ईगल'ला गरुड हे भाषांतर पक्कं होत गेलं.

बाकीच्या भारताने ते ऐकलं नाही. दक्षिणेत पांढऱ्या डोक्याची, विटकरी पंखांची ब्राह्मणी घार म्हणजे गरुड; तिला पाहून हात जोडतात. बिहारात भागलपूरकडे तर गरुड म्हणजे टक्कल पडल्यासारख्या डोक्याचा, गळ्याखाली पिशवी लोंबणारा, मेलेली ढोरं खाणारा भलामोठा करकोचा. दिसायला देवाच्या वाहनापेक्षा कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा. पण नाव गरुड असल्यामुळे गावकरी त्याची घरटी राखतात आणि एके काळी जगातून संपत चाललेला हा पक्षी तिथे टिकून आहे. अशी पुण्याई मराठीतल्या गरुडाच्या वाट्याला आली नाही, कारण इथे हे नाव पुस्तकात राहिलं.

मेळघाटच्या जंगलात सर्पगरुड आहे, मोरघारही आहे. भातकुलीच्या काळ्या मातीच्या, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात उंच जंगल नाही. तिथे तारेवर कापशी घार बसते. पांढरीफटक, लाल डोळ्यांची, मधेच तुरीवर पंख फडफडवत एका जागी तरंगते आणि उंदरावर सरळ खाली पडते. हिवाळ्यात हरभऱ्यावरून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गिरक्या घेतात. मोकळ्या रानात सापमार गरुडही येतो. पण बांधावर कुणाला विचारलंत, बाप्पा, हा गरुड का, तर उत्तर ठरलेलं, "गरुड तं देवाचा असते. हे घार हाये." पक्षिशास्त्राच्या हिशेबाने हे उत्तर चूक असेल. शब्दाच्या इतिहासाच्या हिशेबाने बांधावरचा माणूस पुस्तकापेक्षा बरोबर आहे.