आपला संघ कोणता?

गणपती बसण्याच्या चार दिवस आधी पोळा येतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. त्या दिवशी सावरगावच्या माणसाला "तुझी बाजू कोणती?" असे कोणी विचारत नाही. या काठावर जन्मला तो सावरगावचा, त्या काठावर जन्मला तो पांढुर्ण्याचा. मामाचे घर पलीकडे असले तरी बाजू बदलत नाही. गोटमारीत माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. ती असावी की नसावी हा वेगळा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ बोलले जाते. आम्हाला येथे एवढेच सांगायचे आहे की बाजू जन्माने ठरते, ही गोष्ट आपण सारे लहानपणापासून पाहत आलो.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र आपल्या गावाचे असे सरळ नाही. आम्ही राज्य शासनाचे नोकर, पगार मध्य प्रदेशचा. पण रणजी करंडकाचा हंगाम सुरू झाला की आमचे डोळे विदर्भाच्या धावसंख्येकडे लागतात. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या बहुतेकांचे तसेच आहे. हे असे का झाले, याचा शोध घेताना आम्हाला क्रिकेटबरोबर आपल्या प्रांताचाही इतिहास चाळावा लागला.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्या काळी सौंसर तहसील, आणि तिच्यात पांढुर्णा-सावरगाव, हे सारे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. प्रांताची राजधानी नागपूर होती आणि रणजीत खेळणाऱ्या संघाचे नावही मध्यप्रांत व वऱ्हाड हेच होते. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात "आपला संघ कोणता?" हा प्रश्नच नव्हता. कचेरी नागपूरला, संत्र्याचा बाजार नागपूरला, संघही नागपूरचा.

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातच झाला. १९३२ साली लॉर्ड्सवर त्यांनी भारताचे नेतृत्व केले. होळकरांच्या आश्रयाने ते इंदूरला स्थिरावले, आणि त्यांच्यासारख्यांच्या बळावर होळकर संघ उभा राहिला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा जिंकला. याच संघातले चंदू सरवटे सागरचे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरेविरुद्ध त्यांनी आणि शूट बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागी केली, ती आजही क्रिकेटच्या पुस्तकांत सांगितली जाते. नागपूर, सागर, इंदूर असा हा सारा पट्टा खेळाडूंच्या दृष्टीने एकच होता. आज ज्याला आपण सीमा म्हणतो, ती तेव्हा नव्हती.

१९५० मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे नाव मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. खरा फरक पडला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातली आपली मराठी बोलणारी तहसील धरून, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. १९५७-५८ च्या हंगामात विदर्भ या नावाने वेगळा संघ रणजीत उतरला आणि इंदूरकडचा संघ मध्य प्रदेश झाला. रेषा सावनेरच्या वरून गेली आणि आपण तिच्या उत्तरेला उरलो.

एक गंमत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. शासनाच्या नकाशाने नागपूर आणि इंदूर वेगळे केले, पण क्रिकेटच्या नकाशाने विदर्भाला मुंबई-महाराष्ट्राबरोबर पश्चिम विभागात टाकले नाही. तो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्यासोबत मध्य विभागातच राहिला. विदर्भ हे राज्य कधी झाले नाही, पण संघ आहे. सौराष्ट्र आणि बडोदा ही राज्ये उरली नाहीत, पण त्यांचे संघ आहेत. हे आपल्याकडेच घडले असेही नाही. न्यूझीलंडमध्ये प्रांतिक सरकारे १८७६ मध्ये मोडीत निघाली. तरीही तेथील माणसे आज दीडशे वर्षांनंतर रग्बीच्या मैदानावर ओटागो, कँटरबरी, ऑकलंड या जुन्या प्रांतांच्या नावानेच ओरडतात, आणि रॅनफर्ली शिल्ड नावाच्या ढालीसाठी ते संघ शंभराहून अधिक वर्षे झुंजत आले आहेत. कागदावरून पुसलेला प्रांत खेळाच्या मैदानावर टिकून राहतो, असे यावरून दिसते.

विदर्भाची बाजू घेणे हे आमच्या तरुणपणी सुखाचे काम नव्हते. सकाळच्या बसने नागपूरचे वर्तमानपत्र यायचे. खेळाच्या पानावर मुंबईच्या बातमीला चार रकाने आणि विदर्भाला चार ओळी. त्या चार ओळींत बहुतेक वेळा पराभव किंवा पहिल्या डावातली पिछाडी. आमच्या वडिलांनी एका लांबट वहीत हे सामने टिपून ठेवायला सुरुवात केली आणि ती वही पुढे आमच्याकडे आली. ओट्यावरचे एक काकाजी दर हंगामात विचारायचे, "काहून जी, यंदा तरी काई होईन का आपलं?" आम्ही म्हणायचो, "पाहू जी." पुढे खापरखेड्याच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, उमेश यादव, २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत तेथवर पोहोचलेला तो पहिलाच. खापरखेडा नागपूरच्या आपल्या वाटेजवळचे. तेव्हा प्रथम वाटले की आपल्या चार ओळींच्या आठ होतील.

मग आला २०१७-१८ चा हंगाम. प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल, सोबत अनुभवी वसीम जाफर. गावात संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी चालू, गाड्या भरल्या जात होत्या आणि मजुरांच्या खिशातल्या मोबाइलवर धावसंख्या पाहिली जात होती. उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भाने केरळला ४१२ धावांनी हरवले. उपांत्य सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बलाढ्य कर्नाटकाशी होता. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. आम्ही वही मिटून ठेवली. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकाला १९८ चे लक्ष्य मिळाले. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११.

२१ डिसेंबरच्या त्या सकाळी आम्ही कार्यालयात होतो आणि मोबाइल टेबलाच्या उघड्या खणात होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. कर्नाटकाच्या शेपटाने धावा जोडत आणल्या. दहा राहिल्या, आठ राहिल्या, सहा राहिल्या. १९२ वर रजनीश गुरबानीने शेवटचा गडी घेतला. पाच धावांनी विजय, गुरबानीचे सामन्यात बारा बळी. हा मुलगा अभियांत्रिकीचा पदवीधर. आम्ही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, तेव्हा त्याच्याविषयी थोडा जास्तच अभिमान वाटला. समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना आम्ही उगाचच बसा, चहा घ्या म्हणालो.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही इंदूरला, होळकर स्टेडियमवर. एक दिवसाची किरकोळ रजा टाकून आम्ही चौघे ३१ डिसेंबरला तेथे पोहोचलो. आदल्या दिवशी गुरबानीची हॅटट्रिक होऊन गेली होती आणि दिल्ली २९५ वर आटोपली होती. ती हुकल्याची हळहळ अक्षय वाडकरने भरून काढली, त्याचे शतक आम्ही डोळ्यांनी पाहिले. शेजारी इंदूरचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आमचा आरडाओरडा ऐकून त्यांनी विचारले, "नागपुर से आए हो?" आम्ही म्हणालो, "नहीं साहब, एमपी के ही हैं. पांढुर्णा." ते हसले. "तो फिर विदर्भ क्यों?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. भाषा म्हणावे तर त्या मैदानाच्या नावातच होळकर आहेत आणि इंदुरात मराठी घरे काय कमी आहेत? आम्ही नुसते हसलो आणि डब्यातली चिवड्याची पुडी त्यांच्यापुढे धरली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भाचा डाव ५४७ वर संपला, दिल्ली २८० वर बाद झाली आणि उरलेल्या २९ धावा एक गडी गमावून निघाल्या. पहिल्या हंगामानंतर साठ वर्षांनी करंडक विदर्भाकडे आला. पुढल्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून तो राखलाही. वहीत ती दोन पाने आम्ही लाल शाईने लिहिली आहेत.

त्यानंतर पंडित मध्य प्रदेशकडे गेले. १९९८-९९ च्या हंगामात मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बेंगळुरूला कर्नाटकाविरुद्ध ते अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि मध्य प्रदेशने पहिला रणजी करंडक जिंकला. आमचा मुलगा त्या दिवशी घरभर नाचला. आम्हीही पेढे आणले. पण वहीत नोंद केली ती निळ्या शाईने, आणि त्याने ते पाहिले.

खरी कसोटी मार्च २०२४ मध्ये लागली. पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा होऊन अजून वर्षही झाले नव्हते. रणजीचा उपांत्य सामना नागपूरजवळ जामठ्याला, विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश. रविवारी मुलाला घेऊन आम्ही गेलो. विदर्भाच्या १७० ला उत्तर देताना हिमांशू मंत्रीने १२६ धावा केल्या, मध्य प्रदेशने २५२ गाठल्या. प्रत्येक चौकाराला आमचा मुलगा उभा राहत होता आणि आम्ही बसून होतो. परतताना सावनेरच्या पुढे तो म्हणाला, "बाबा, मी चांगलं खेळलो त मले विदर्भवाले घेतीन का?"

आम्ही त्याला खरे तेच सांगितले. इथे जन्मलेला, इथे शिकणारा मुलगा आधी आपल्या जिल्ह्याकडून खेळेल, मग जबलपूर विभागाकडून आणि पुढे गेला तर मध्य प्रदेशकडून. नागपूरला शिकायला-राहायला गेला तर गोष्ट वेगळी. तो म्हणाला, "मग माही टीम तर एमपीच झाली ना?" त्यानंतर गाडीत कोणी बोलले नाही. इंदूरच्या गृहस्थांचा प्रश्न सहा वर्षांनी घरातूनच परत आला होता. ज्या संघासाठी आमच्या दोन पिढ्या झुरल्या, त्या संघाचे दार आमच्या गावच्या मुलाला गावात राहून उघडत नाही, ही गोष्ट चाळिशी ओलांडेपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती.

सामना पुढे फिरला. यश राठोडच्या १४१ धावांच्या जोरावर विदर्भाने ४०२ केल्या, मध्य प्रदेशला ३२१ हव्या होत्या. यश दुबेने ९४ काढल्या, तरी ६ मार्चच्या सकाळी डाव २५८ वर संपला. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. आम्हाला आनंद झाला, तो घरात दाखवता आला नाही. मुलगा जेवला नाही. पुढच्या वर्षी विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा केरळकडून ७९ धावा काढणारा आदित्य सरवटे हा २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेणाराच होता. मुलाने तेवढे बरोबर हेरले. "बाबा, खेळाडू टीम बदलू शकते, मग तुम्ही काहून नाही?"

आम्ही टीम बदललेली नाही, बदलणारही नाही. विदर्भ हा आमच्या वडिलांच्या वहीतला संघ आहे आणि ती वही ज्या प्रांताची आठवण सांगते, तो प्रांत आता दुसरीकडे कोठे उरलेला नाही. पण मुलाला त्याची बाजू सोड असे सांगण्याचा अधिकारही आम्हाला नाही. गोटमारीतली बाजू जन्माने मिळते. त्याला ही बाजूही जन्मानेच मिळाली आहे. या हंगामापासून वहीत दोन रकाने आखले आहेत, डावीकडे विदर्भ, उजवीकडे मध्य प्रदेश. उजवीकडचा रकाना तो भरेल आणि शाई कोणती वापरायची ते तोच ठरवील.

मंडळाच्या जुन्या सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी काही घरांत १९५६ पूर्वी नागपूरला जाऊन सामने पाहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, कात्रणे, छायाचित्रे असतील. ती पोत्यात बांधून माळ्यावर पडू देऊ नका. मुलांना दाखवा, आणि आमच्याकडे वहीत उतरवायला पाठवा.