आपोआप जुळणारा ब्रेक आणि मेकॅनिकचा पाना : स्लॅक अ‍ॅडजस्टरचा इतिहास

१/
३१ जुलै १९९१. कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्सजवळ, रोपवेच्या स्थानकापासून खाली येणाऱ्या तीव्र उतारावर गर्ल स्काउट मुलींना घेऊन निघालेल्या बसचा वेग आवरेनासा झाला आणि ती रस्त्याबाहेर कोसळली. सात जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती दोन गोष्टींवर बोट ठेवले : उतारावर बस चालवण्याची चुकीची पद्धत आणि नीट न जुळवलेले ब्रेक.

२/
ब्रेक ‘जुळवलेले नसणे’ म्हणजे नेमके काय? बसच्या चाकामागे असलेल्या वीतभर लांबीच्या एका लोखंडी तरफेत याचे उत्तर आहे. तिचे नाव स्लॅक अ‍ॅडजस्टर. ही तरफ हाताने जुळवण्याचे काम यंत्राकडे कसे गेले आणि यंत्राकडे गेल्यावरही धोका का टळला नाही, त्याचा हा इतिहास.

३/
सुरुवात रेल्वेपासून होते. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस याने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत एक उणीव होती : नळी फुटली की ब्रेकच उरत नसे. १८७२ मध्ये त्याने विचार उलटा केला. नव्या रचनेत नळीतील दाब घटला की ब्रेक आपोआप लागू लागले. १८९३ च्या कायद्याने अमेरिकी रेल्वेगाड्यांना असे ब्रेक बंधनकारक झाले.

४/
हेच तत्त्व पुढे ट्रक आणि बसमध्ये वेगळ्या रूपात आले. हातब्रेकसाठी चाकाजवळ एक दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवा आहे तोवर ती दबलेली राहते. हवा गेली की मोकळी होऊन चाक धरते. थोडक्यात, हवा गळाली तर ही व्यवस्था सावध होते. धोक्याची जागा मात्र दुसरीकडेच होती.

५/
चालकाने पेडल दाबले की टाकीतील हवा ब्रेक चेंबरमध्ये शिरते. चेंबरचा पडदा पुढे सरकतो आणि पुशरॉडला ढकलतो. पुशरॉड स्लॅक अ‍ॅडजस्टरला ढकलतो, ती तरफ एक दांडा फिरवते आणि दांड्याच्या टोकावरचा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवतो. शूवरचे लायनर ड्रमवर घासतात आणि चाक थांबते.

६/
लायनर रोज थोडे झिजतात. शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढते, आणि ते भरून काढण्यासाठी पुशरॉडला अधिक लांब जावे लागते. या धावेला मर्यादा आहे. अमेरिकी वाहनांवर सर्रास आढळणाऱ्या ‘३०’ क्रमांकाच्या साध्या चेंबरमध्ये पूर्ण धाव २.५ इंच असते. पण २ इंचांपलीकडे गेलेला ब्रेक तपासणीत नापास होतो. शेवटच्या अर्ध्या इंचात जोर झपाट्याने घसरतो.

७/
त्यात उष्णतेची भर पडते. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून आणखी दूर जातो. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर जेमतेम पुरणारी धाव घाटाच्या मध्यावर अपुरी पडते. स्प्रिंगचा हातब्रेकही त्याच पुशरॉडमधून, त्याच तरफेमार्फत काम करतो. त्यामुळे तोही अशा वेळी तितकाच दुबळा ठरतो.

८/
सर्वांत घातक बाब अशी, की चालकाला याची चाहूल लागत नाही. मोटारीच्या द्रव-ब्रेकमध्ये अंतर वाढले की पेडल खोल जाते आणि पायाला समजते. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल केवळ झडप उघडते. पुशरॉड एक इंच गेला की सव्वादोन, हे पायापर्यंत पोहोचतच नाही. दाबाचा काटाही सर्व ठीक असल्याचेच दाखवतो.

९/
म्हणून जुन्या काळी भिस्त हातावर होती. स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या पोटात एक वर्म आणि त्यात गुंतलेले दातेरी चाक असते. बाहेरचा षटकोनी बोल्ट पान्याने फिरवला की कॅमचा दांडा किंचित फिरतो आणि वाढलेले अंतर मिटते. काम थोडेच, पण ते प्रत्येक चाकाखाली शिरून, पुनःपुन्हा करायचे. साहजिकच ते टाळले जाई किंवा अंदाजाने उरकले जाई.

१०/
यावर तोडगा म्हणजे स्वयंचलित अ‍ॅडजस्टर. कल्पना रेल्वेत जुनीच होती : स्वीडनमधील एका कंपनीच्या नावातच ‘ब्रोम्सरेगुलेटर’, म्हणजे ‘ब्रेक-नियामक’, हा शब्द होता. रस्त्यावरच्या वाहनांसाठी दोन पद्धती रूढ झाल्या. एक पुशरॉडची धाव ओळखते, दुसरी शू-ड्रममधील अंतर. धाव वा अंतर प्रमाणाबाहेर गेले, की आतला एकदिशा क्लच वर्मला थोडे थोडे फिरवतो. मूळच्या स्वीडिश ‘हाल्डेक्स’ कंपनीचे असे अ‍ॅडजस्टर आज नाशिकमध्येही तयार होतात.

११/
अमेरिकेत हवेच्या ब्रेकसाठीचे सुरक्षा मानक क्रमांक १२१ हे १९७५ मध्ये लागू झाले. स्वयंचलित अ‍ॅडजस्टरची सक्ती मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. ऑक्टोबर १९९२ मध्ये नियम जाहीर झाला आणि २० ऑक्टोबर १९९४ पासून बनणाऱ्या हवेच्या ब्रेकच्या प्रत्येक नव्या ट्रक-बसला तो बंधनकारक ठरला. प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते.

१२/
पण ३१ मे २००१ रोजी आर्कान्सामधील माउंटनबर्ग येथे एक ट्रक-ट्रेलर वेळेत थांबू शकला नाही आणि शाळेच्या बसवर आदळला. तीन विद्यार्थी दगावले. तपासात ट्रेलरगाडीच्या ब्रेकची देखभाल निकृष्ट आढळली. ११ एप्रिल २००३ रोजी पेनसिल्व्हेनियातील ग्लेन रॉक येथे उतारावरून येणारा डंपर चार मोटारींवर आदळला. तिथेही जीवितहानी झाली.

१३/
ग्लेन रॉकचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्याने एक वेगळाच दोष उजेडात आणला. स्वयंचलित अ‍ॅडजस्टर नादुरुस्त होऊन धाव वाढली, की ती का वाढली याचा शोध न घेता हाताने बोल्ट फिरवून ती कमी केली जात होती. जुन्या अ‍ॅडजस्टरसाठी योग्य असलेली सवय नव्या अ‍ॅडजस्टरसाठी धोक्याची ठरली होती.

१४/
याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धडधाकट स्वयंचलित अ‍ॅडजस्टर धाव स्वतःच मर्यादेत ठेवतो. तरीही ती वाढली, तर ते लक्षण असते : आतला क्लच झिजला असेल, कॅमची बुशिंग सैल झाली असतील, पिन घट्ट बसली असेल, परतीची स्प्रिंग थकली असेल. बोल्ट फिरवल्याने त्या दिवशीचे माप बरोबर येते, तपासणीही पार पडते, आणि मूळ बिघाड झाकला जातो. काही दिवसांनी धाव पुन्हा वाढते. शिवाय काही अ‍ॅडजस्टरमध्ये आतली खिटी न सोडवता बोल्ट उलटा फिरवला, तर यंत्रणाच निकामी होते.

१५/
योग्य देखभालीची रीत म्हणूनच मापापासून सुरू होते. चाकांना ठोकळे लावून हातब्रेक सोडायचा. टाकीत चौरस इंचाला ९० ते १०० पौंड दाब ठेवायचा. पुशरॉडवर खूण करायची, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि खूण किती सरकली ते मोजायचे. माप मर्यादेबाहेर असेल तर आधी बुशिंग, पिन, कॅम, ड्रम आणि चेंबर तपासायचे. ते निर्दोष असतील तर अ‍ॅडजस्टर बदलायचा. हाताने जुळवणी करायची ती नवा भाग बसवताना किंवा लायनर बदलताना, आणि तीही उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे. ठरल्या वेळी ग्रीस देणे मात्र कधीच चुकवायचे नाही.

१६/
अमेरिकेतील अवजड वाहनचालकांच्या परवाना-पुस्तिकेत आज स्पष्ट इशारा आहे : स्वयंचलित अ‍ॅडजस्टर हाताने जुळवत राहणे धोकादायक आहे, कारण त्यातून ब्रेक चांगले असल्याचा खोटा भरवसा मिळतो. १९९४ च्या नियमाने पान्याचे काम कमी केले. मोजपट्टीचे काम तेवढेच राहिले. धाव मोजण्यासाठी आजही कोणीतरी बसखाली शिरावेच लागते.