मुलाचा खर्च, बापाचं देणं? एका जुन्या प्रश्नाचा नवा अवतार

आज आपण ज्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत, तो प्रश्न कालपरवाचा वाटतो. घरातलं मूल मोबाइलवर खेळत असतं. खेळ फुकट असतो, पण खेळातली नाणी, हिरे, बंदुका, कपडे हे सगळं खऱ्या पैशांनी विकत मिळतं. महिनाअखेरीस आई-बाबांच्या खात्यातून काही हजार, कधी काही लाख गेलेले दिसतात. बँक म्हणते, ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता. कंपनी म्हणते, खातं तुमच्याच नावावर आहे. आणि शेजारीपाजारी म्हणतात, मुलाच्या हातात फोन दिलाच कशाला?

हे पैसे कोणाचं देणं आहे? आपल्याला वाटतं की असा प्रसंग माणसावर पहिल्यांदाच आलाय, म्हणून कायद्याला उत्तर सापडत नाही. खरं तर उत्तर होतं, आणि बऱ्याच समाजांत ते जवळपास एकच होतं. ते आपल्या हातून निसटलं कसं, ते आपण बघू.

सुरुवात घरापासून करू. याज्ञवल्क्यस्मृतीत ऋणादान नावाचं एक प्रकरण आहे. देण्याघेण्याचे, सावकारीचे नियम त्यात आहेत. बापाचं कर्ज मुलानं फेडावं ही कल्पना आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की ती आपण वेगळी शिकत नाही. पण उलट दिशेनं काय? मुलानं केलेलं कर्ज बापानं फेडायचं का? स्मृती म्हणते, नाही. अपवाद एकच, ते कर्ज कुटुंबासाठी काढलेलं असेल तर. म्हणजे कर्ज वरून खाली येतं, खालून वर चढत नाही. आणि खाली येतानाही सगळंच येत नाही. दारूसाठी, चैनीसाठी, जुगारासाठी बापानं केलेलं कर्ज मुलावर बसत नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं मिताक्षरा लिहिली, पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टानं व्यवहारमयूख लिहिला. हा पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातला. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांत हिंदूंचे खटले या दोन ग्रंथांच्या आधारावर चालत. मुलानं बापाचं कर्ज फेडण्याचं हे ‘पवित्र कर्तव्य’ भारतीय कायद्यात थेट २००५ पर्यंत टिकलं, त्या वर्षी हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं ते पुढच्या कर्जांसाठी संपवलं.

यातली मेख लक्षात घ्या. मुलाला उधार देणाऱ्यानं आधी विचार करायचा, की हे घरासाठी आहे का? नसेल तर पैसे बुडाले, आणि ते देणाऱ्याचे बुडाले.

रोमन लोकांनी हेच जास्त कडक भाषेत सांगितलं. तिथे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा कितीही मोठा झाला तरी बापाच्या सत्तेखाली असे, त्याच्या नावावर स्वतःचं असं फारसं काही नसे. साहजिकच काही सावकार अशा मुलांना ‘बाप मेल्यावर दे’ या बोलीवर कर्ज देत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सिनेटनं ठराव केला की अशा कर्जाची वसुली कोर्टातून होणार नाही, बाप मेल्यानंतरसुद्धा नाही. ठरावाला मॅसेडो या माणसाचं नाव आहे. कर्जाच्या ओझ्याखाली मुलगा बापाच्या जिवावर उठला, अशी कथा त्यामागे सांगतात. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की कायद्यानं बोट दाखवलं ते सावकाराकडे.

आता आपण इंग्लंडमध्ये येऊ, कारण आपला आजचा कायदा तिथूनच आला. १९०८ चा नॅश विरुद्ध इनमन हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो, पण आपण तो जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचू. नॅश हा लंडनच्या सॅव्हिल रोमधला शिंपी. सॅव्हिल रो म्हणजे उंची कपड्यांची पेठ. त्याच्या कानावर आलं की केंब्रिजला एक पोरगा हात सैल सोडून खर्च करतोय. त्यानं लगेच आपला माणूस केंब्रिजला धाडला. पोरगा अजून एकवीस वर्षांचा नव्हता, म्हणजे कायद्यानं अज्ञान. आठ-नऊ महिन्यांत त्यानं बरेच कपडे शिवून घेतले, त्यात ११ नक्षीदार जाकिटं होती. बिल झालं १२२ पौंड १९ शिलिंग ६ पेन्स. पैसे काही मिळेनात, म्हणून शिंपी कोर्टात गेला.

कायदा असा होता की अज्ञान मुलाला गरजेच्या वस्तू पुरवल्या असतील, तरच त्यांची रास्त किंमत मागता येते. मुलाचे वडील वास्तुरचनाकार होते. ते साक्षीला आले आणि म्हणाले, माझ्या मुलाकडे पुरेसे कपडे आहेत. शिंप्याला हे खोडून काढता आलं नाही. तो हरला. ‘ही वस्तू या मुलाला खरोखर हवी होती’ हे दाखवण्याचा भार विकणाऱ्यावर, असं अपील कोर्टानं ठरवलं. बापाला कोणी विचारलं नाही की तुम्ही मुलावर लक्ष का ठेवलं नाही!

ती ११ जाकिटं डोळ्यांसमोर ठेवा. आज मुलं खेळातल्या पात्राला चढवायला जे कपडे विकत घेतात, ज्यांना ती ‘स्किन’ म्हणतात, ती नेमकी तीच वस्तू आहे. गरज नाही, मिरवायला हवी. आणि नॅशनं केंब्रिजला माणूस पाठवला होता, तसं आज कोण सैल हातानं खर्च करतंय हे कंपन्यांनाही कळतं. फक्त रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही, एवढंच.

आपल्याकडे हाच प्रश्न पाच वर्षं आधी, १९०३ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. कोलकात्याच्या धर्मदास घोष या मुलानं २० जुलै १८९५ रोजी आपली घरं गहाण टाकली. कागदावर रक्कम २०,००० रुपये, व्याज १२ टक्के. १८७५ च्या कायद्याप्रमाणे कोर्टानं पालक नेमला असेल तर मूल एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. इथे हायकोर्टानं त्याच्या आईला पालक नेमलेलं होतं. (सातबारा वाचणाऱ्यांना नावापुढची ‘अ.पा.क.’ ही अक्षरं ओळखीची असतील, अज्ञान पालन कर्ता. तीच ही भूमिका.) आणि या आईनं काय केलं होतं? गहाणखताच्या पाच दिवस आधी, १५ जुलैला, वकिलामार्फत सावकाराच्या माणसाला पत्र दिलं होतं की माझा मुलगा अजून अज्ञान आहे, त्याला पैसे द्याल तर स्वतःच्या जबाबदारीवर द्या. तरीही त्यानं मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असं लिहून घेतलं आणि व्यवहार उरकला.

पुढे सावकार वारला, त्याच्या बाजूनं मोहोरी बीबीचं नाव लागलं, म्हणून खटला मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या नावानं ओळखला जातो. निकाल असा की १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीशी केलेला करार मुळातच शून्य, जणू झालाच नाही. दिलेले पैसेही सावकाराला परत मिळाले नाहीत. मुलानं वयाबद्दल थाप मारली या युक्तिवादाचाही उपयोग झाला नाही, कारण खरं वय सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं.

‘मी १८ वर्षांचा आहे’ या चौकोनात मुलानं टिचकी मारली म्हणून हात वर करणाऱ्या कंपन्यांनी हा निकाल जरूर वाचावा. पण त्यांचे वकील तो वाचून बसलेले आहेत, आणि इथेच खरा बदल झालेला आहे.

गहाणखत असो की जाकीट, विकणाऱ्याच्या समोर तो मुलगा उभा होता. यंत्रासमोर मूल नसतं, खातं असतं. खातं आईचं, कार्ड बाबांचं, आणि खात्यावरून होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराची जबाबदारी खातेदाराची असं वापराच्या अटींत लिहिलेलं असतं. म्हणजे कंपनी असं म्हणतच नाही की मी अज्ञान मुलाशी करार केला. ती म्हणते, मी सज्ञान माणसाशीच करार केला, बटण कोणी दाबलं ते तुमच्या घरातलं. धर्मदासचा निकाल रद्द झाला नाही, त्याला वळसा घातला गेला.

हा वळसा पहिल्यांदा अमेरिकेत टेलिफोननं घातला. तिथे १९८०च्या दशकात ९०० ने सुरू होणारे क्रमांक फोफावले. फोन करायचा, गोष्ट किंवा गंमत ऐकायची, पैसे घरच्या टेलिफोन बिलात. मुलांसाठी सांताक्लॉजचे क्रमांकसुद्धा निघाले. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला आणि १९९३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं नियम काढले. शैक्षणिक सेवा सोडता बारा वर्षांखालच्या मुलांसाठी अशी जाहिरात करायला बंदी. जाहिरातीतून आपोआप क्रमांक फिरवणारे सूर ऐकवायलाही बंदी! असा नियम मुद्दाम लिहावा लागला, यावरून काय ते समजा.

मग आला स्मार्टफोन. २०१०-११ च्या सुमारास फुकट खेळाच्या आत विक्री हा धंद्याचा मुख्य प्रकार झाला. ‘स्मर्फ्स व्हिलेज’ नावाच्या खेळात एका आठ वर्षांच्या मुलीनं १,४०० डॉलरची आभासी बोरं घेतल्याची बातमी तेव्हा गाजली. अ‍ॅपलच्या व्यवस्थेत एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे, आणि ही खिडकी उघडी आहे हे पालकाला कोणी सांगत नसे. कमिशनच्या तक्रारीत एका मुलीनं एकाच खेळात २,६०० डॉलर घालवल्याचा उल्लेख आहे. जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलनं किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं, सप्टेंबरात गूगलनं किमान १ कोटी ९० लाख. अ‍ॅमेझॉन मात्र भांडली. तिच्याकडे सुरुवातीला पासवर्डच नव्हता, नंतर २० डॉलरच्या वरच्या खरेदीला लावला. कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्यानं आतल्या पत्रव्यवहारात या परिस्थितीची तुलना घराला आग लागण्याशी केली होती. २०१६ मध्ये न्यायालयात अ‍ॅमेझॉन हरली, आणि पुढच्या वर्षी ७ कोटी डॉलरपर्यंतच्या खरेदीचे पैसे परत मागण्याचा मार्ग ग्राहकांना मोकळा झाला.

कमिशनचा मुद्दा वयाचा नव्हता, संमतीचा होता. खातेदाराची स्पष्ट, समजून दिलेली संमती नसेल तर बिल लावणं हाच अन्याय. वाट वेगळी, पण पोचले नॅश शिंप्याच्याच दाराशी. सावधगिरी विकणाऱ्यानं बाळगायची.

२०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्सवरची कारवाई तर आणखी बोलकी आहे. एकूण ५२ कोटी डॉलर, त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी. २०१८ पर्यंत तिथे कार्ड आपोआप साठवलं जाई आणि मूल नुसतं बटण दाबून खरेदी करू शके. ज्या पालकांनी बँकेकडे तक्रार करून पैसे अडवले, त्यांची खाती कंपनीनं बंद केली, म्हणजे आधी रीतसर घेतलेलं सगळंही गेलं. सावकारानं दाराला कुलूप लावण्याचाच हा प्रकार, दुसरं काही नाही.

आपल्याकडे काय? रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली, आणि ती मोठी भिंत ठरली, हे मान्य केलं पाहिजे. पण ओटीपी ज्या फोनवर येतो, तोच फोन मुलाच्या हातात असतो. रिझर्व्ह बँकेच्याच २०१७ च्या परिपत्रकानुसार, गुप्त माहिती दुसऱ्याला कळू दिल्यामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. मग मुलाला यूपीआयचा पिन माहीत असणं हा निष्काळजीपणा की घरातलं रोजचं जगणं? दुकानातून दूध आणायला आपणच तर त्याला तो सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं पालकांना सूचना दिल्या. खेळाच्या अ‍ॅपला कार्ड जोडू नका, परवानगीशिवाय खरेदी होऊ देऊ नका, वगैरे. सूचना चांगल्या आहेत, पण बहुतेक सगळ्या पालकांना आणि शिक्षकांना उद्देशून. त्याच वर्षी ‘पबजी’ नव्या नावानं भारतात परतला, तेव्हा कंपनीनं अज्ञान मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर केली, दिवसाला ७,००० रुपये. दिवसाला! कित्येक घरांत एवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जिंकून पैसे मिळण्याच्या आशेनं पैसे लावणं त्यात येतं. पण पात्राला चढवायचं जाकीट घेताना मूल काही जिंकायची आशा धरत नाही, ते नुसतं विकत घेतं. ती दुकानं उघडीच आहेत.

एक गोष्ट मात्र आपण वेगळी काढून बघितली पाहिजे. मुलाबद्दलची पालकाची जबाबदारी आणि कंपनीला द्यायची रक्कम, या दोन गोष्टी इतिहासात कधी एक नव्हत्या. धर्मदासच्या आईनं मुलाला घरी काय सुनावलं असेल ते असेल, सावकाराकडे मात्र ती पैसे घेऊन गेली नाही, वकील घेऊन गेली. आज आपण दोन्ही एकत्र करतो आणि सगळा राग मुलावर निघतो. २०२१ मध्ये मध्य प्रदेशात एका तेरा वर्षांच्या मुलानं खेळात ४०,००० रुपये गेल्यावर जीव दिल्याची बातमी आपण वाचली होती. तेरा वर्षांचं मूल, ज्याच्याशी केलेला करार १९०३ पासून या देशात शून्य मानला जातो.

तेव्हा असा व्यवहार घडला, तर बँकेला त्याच दिवशी कळवावं आणि कंपनीला लेखी द्यावं की खरेदी अज्ञान मुलानं, खातेदाराच्या संमतीशिवाय केलेली आहे. हे शब्द असेच वापरावेत. मुलाचं वय पुराव्यासह जोडावं, आणि दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाकडे जावं. पैसे परत येतीलच असं नाही. पण ते पत्र लिहिताना मुलाला शेजारी बसवून घ्यायला हरकत नाही.

आता आपण प्रश्नांकडे वळू.