मावा नाटे मावा राज

नागरिकशास्त्राचा तास चालला होता. "सरकार कोठे असते?" असे मी विचारताच एक मुलगा चटकन म्हणाला, "गुरुजी, डिसेंबरात इथे, एरवी मुंबईला!" आम्हा नागपूरकरांना हे उत्तर पटण्यासारखेच. १९५६ पर्यंत आमचे शहर राजधानी होते. ते वैभव गेले, हिवाळी अधिवेशन तेवढे उरले. मी हसलो खरा, परंतु मनात गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा गाव आले.

धानोरा तालुक्यातल्या या गावाला शेजारच्या लेखा गावावरून मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती गोंडांची, घरची बोली गोंडी. ज्या नागपूरची उभारणी बख्त बुलंद शाह या गोंड राजाने केली, त्याच नागपुरातून पुढे इंग्रजांचा कारभार चालला आणि रान सरकारी झाले. कायद्याची भाषा निराळी, राबणाऱ्यांची निराळी. चुलीसाठी सरपण, घरासाठी बांबू आणायचा तरी पहाऱ्याकडे पाहावे लागे. जिल्ह्यातला बांबू मात्र कागदगिरणीकडे जात राहिला.

१९८० नंतर गाव विचार करू लागले. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे स्नेही मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची रीत रुजवली. तेथे नुसते शिकायचे, शंका काढायच्या. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा. मौज अशी की, तेथे बहुमताला किंमत नाही. सर्वांची संमती मिळेतो विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. घोषणा झाली, "मावा नाटे मावा राज!" म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू विकायचा, तर वाहतुकीचा परवाना दुसऱ्याच्या हाती! घर आपले, किल्ली शेजाऱ्याकडे, तशातली गत. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदानही स्वीकारले. स्वतःच्या शेतावरची खाजगी मालकी सोडली.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. पण मुलांना लोकशाही म्हणजे बहुमत, असे वर्षानुवर्षे शिकवीत आलो. हरलेल्या हातांचे पुढे काय, हे मी कधी विचारलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला : "तुमच्या घरी निर्णय कसा होतो?" एक मुलगी उठून म्हणाली, "बाबा ठरवतात. आईला नंतर कळतं."

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला घरची सारी मंडळी जमतील. तेव्हा हाच प्रश्न आपल्या पंक्तीत विचारून पाहावा. उत्तर आईला आधी देऊ द्यावे.