रानटाकळ्याची साक्ष

परवा नातेपुत्याला गेलो होतो. वहिनींनी पुण्याहून आणलेलं ऑर्किड मोठ्या कौतुकानं दाखवलं. आपल्या माळशिरस तालुक्याच्या उन्हात ऑर्किड जगवलं, हेच विशेष! फुलं छान, पण पानांवर काळसर रेघा. "पाणी जास्त झालं का हो भावोजी?" त्यांनी विचारलं. याच झाडाचे फुटवे काढून त्या दोन्ही जावांना देणार होत्या.

मला विषाणूची शंका आली. पण नुसत्या डोळ्यांनी काय कळणार? अशा रेघा बुरशीनेही पडतात, आणि विषाणू असलेलं झाड कित्येकदा अगदी तुकतुकीत दिसतं.

मग माणसानं हा चोर पकडला कसा?

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या जेन्सन यांनी सिंबिडियम ऑर्किडवरच्या काळ्या रेघांच्या विषाणूरोगाचं वर्णन केलं. तेव्हाची परीक्षा साधी होती. संशयित पान वाटायचं, त्याचा रस दुसऱ्याच एखाद्या झाडाच्या पानावर हलकेच चोळायचा आणि डाग उठतात का याची काही दिवस वाट पाहायची. या साक्षीला उभी राहिलेली झाडं कोणती? रानटाकळा, धोतरा आणि चाकवताच्या भावकीतली झाडं! म्हणजे आपण पालखीच्या रस्त्याकडेला तुडवत जातो तीच मंडळी.

आपलं पुणंही मागे नव्हतं. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी भेंडीचा केवडा विषाणूमुळे होतो हे मांडलं. पण केवडा रस चोळून लागत नाही. त्याला पांढरी माशी किंवा कलम लागतं. प्रत्येक चोराची वाट वेगळी.

१९६० मध्ये फ्रान्सच्या मोरेल यांनी रोगट सिंबिडियमच्या कोंबाच्या अगदी टोकापासून निरोगी रोपं तयार केली. पुढे याच वाटेनं ऑर्किडची हजारो रोपं होऊ लागली. पण मूळ झाड न तपासता प्रती काढल्या, की रोगाच्याही प्रती निघतात... १९७७ मध्ये क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांनी एलायझा चाचणी वनस्पतींसाठी रुळवली. विषाणू असला की नमुन्याला रंग येतो. आता आरटी-पीसीआर अगदी थोडा विषाणूही शोधते, आणि पट्टीवरची चाचणी तर काही मिनिटांत होते. आपल्याकडे २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण आहे. त्यात केळीच्या मातृवृक्षांचीही विषाणूसाठी तपासणी होते. केळी लावणाऱ्यांनी हे जरूर विचारावं.

असो. विषाणू लागलेल्या झाडाला औषध नाही, आणि ऑर्किडचे हे विषाणू छाटणीच्या सुरीवरूनही पसरतात. म्हणून वहिनींना सांगितलं, कुंडी वेगळी ठेवा, सुरी जाळावर धरून मगच दुसऱ्या झाडाला लावा, आणि तपासणी होईपर्यंत फुटवे कुणाला देऊ नका.

वहिनी जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. प्रेमानं रोगच वाटला असता की!"